पॉल रँड करेक्शन करत नव्हता म्हणे!

परवा आमच्या ठाण्यातल्या डिझायनर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती पोस्ट परत आली, वर्षातून दोन-तीनदा येतेच. १९८६ साली स्टीव्ह जॉब्स त्याच्या नवीन नेक्स्ट कंपनीचा लोगो करून घ्यायला पॉल रँड या नावाजलेल्या अमेरिकन डिझायनरकडे गेला, चार ऑप्शन दाखवा म्हणाला, रँड म्हणाला ऑप्शन-बिप्शन काही नाही, एकच देणार, वापरायचा तर वापर, पैसे मात्र द्यायचे, १ लाख डॉलर. आणि खाली लाल अक्षरात तात्पर्य: खरा डिझायनर ऑप्शन देत नाही, करेक्शन करत नाही, आणि चांगल्या लोगोनेच कंपनी मोठी होते. त्याच्याखाली टाळ्याच टाळ्या. वागळे इस्टेटमध्ये फ्लेक्सचं काम करणाऱ्या एकाने तर लगेच स्टेटसला ठेवलं, म्हणजे सोमवारी त्याचे कस्टमर वाचणार आणि मग काय होणार ते बघू.

प्रसंग खरा आहे हां, जॉब्सने स्वतः मुलाखतीत सांगितलाय. घोळ आहे तो तात्पर्यात.

'ऑप्शन देत नाही' हे आधी घेऊ. जॉब्सने रँडला सांगितलं होतं की आमचा कम्प्युटर चौकोनी ठोकळा असणार, क्यूब. लोगो काय झाला? क्यूबच, २८ अंशात तिरका केलेला. म्हणजे माणसाने ब्रीफ (कस्टमरला काय हवंय ते) कान देऊन ऐकलं होतं. आणि जॉब्सला हातात काय मिळालं, व्हॉट्सअ‍ॅपवर एक जेपीजी? नाही, एक छापील पुस्तिका, त्यात पानापानाने समजावलेलं की हा शब्द असाच का लिहायचा. सगळी कॅपिटल अक्षरं घेतली तर नेक्स्ट हा शब्द घाईत एक्झिटसारखा वाचला जाईल, म्हणून 'ई' स्मॉल घेतलाय, आणि तो 'ई' एज्युकेशनचा पण आहे (कम्प्युटर कॉलेजांना विकायचा होता ना). अहो म्हणजे ऑप्शन होतेच की! त्याने ते स्वतःच करून बघितले, स्वतःच बाद केले आणि का बाद केले ते लिहून दिलं. आपण ग्रुपवर 'एकच ऑप्शन' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दुसरा सुचलेलाच नसतो, हे मी स्वतःबद्दल पण बोलतोय.

माझाच किस्सा सांगतो. नौपाड्यात एका पोळी-भाजी केंद्राचा बोर्ड केला होता, तेव्हा मी पण ही पोस्ट नुकतीच वाचलेली, अंगात रँड संचारलेला. काळ्या बोर्डावर गडद चॉकलेटी बारीक अक्षरं, शिरोरेखा उडवलेली, एकदम मॉडर्न, आणि काकूंना सांगितलं की हे फायनल आहे, बदल होणार नाहीत. काकूंनी प्रिंट लांब धरलं, जवळ धरलं, मग म्हणाल्या, "अरे बाळा, छान आहे, पण माझी गिऱ्हाइकं संध्याकाळी सातनंतर ऑफिसातून स्टेशनवरून येतात, अंधारात हे दिसणार कसं? आणि हे पोळी आहे का गोळी?" मी एवढा चिडलो होतो, आणि बाई शंभर टक्के बरोबर होती. पुढचं खाली सांगतो.

'करेक्शन करत नाही.' यात अर्धं खरं आहे. 'ई' चा पिवळा जॉब्सला अजून भडक हवा होता, रँडने टेबलावर मूठ आपटली, मी ५० वर्षं हे काम करतोय म्हणाला, आणि पिवळा तसाच राहिला. हे सगळे सांगतात. पण त्याच जॉब्सच्या व्हिजिटिंग कार्डवरून जे झालं ते कोणी फॉरवर्ड करत नाही. कार्डवर 'स्टीव्हन पी. जॉब्स', त्या इंग्रजी 'पी' नंतरचा टिंब रँडने जुन्या छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या जुळणीत पडेल तसा उजवीकडे ठेवला होता, जॉब्सचं म्हणणं कम्प्युटरवर तो सरकवून 'पी' च्या पोटाखाली घेता येतो. एवढ्याशा टिंबावरून वाजलं, आणि तिथे जिंकला जॉब्स. मला विचाराल तर जॉब्सचंच बरोबर होतं, ती पोकळी खरंच खुपते.

शिवाय आयबीएम या कम्प्युटर कंपनीचं बघा. १९५६ ला रँडने त्यांना पहिला लोगो दिला, ठोस अक्षरांचा. आज आपण ओळखतो तो आठ पट्ट्यांचा १९७२ चा. सोळा वर्षं स्वतःच्याच कामावर हात फिरवत होता की माणूस. आणि रिजेक्ट पण झालाय, १९६६ ला फोर्डसाठी नवीन लोगो दिला होता, हेन्री फोर्ड दुसरा यांनी घेतला नाही, फोर्डची ती जुनी निळी लंबगोल पाटी चालूच.

पैशांचं बघू. १ लाख डॉलर घेतले तेव्हा तो ७० च्या पुढे होता. जन्म १५ ऑगस्ट १९१४ (आपल्याला लक्षात ठेवायला सोपं), ब्रुकलिनमध्ये वडिलांचं किराणा दुकान, पोरवयात त्या दुकानाच्या पाट्या रंगवायचा. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, बोर्डापासून. १९३८ पासून डायरेक्शन नावाच्या मासिकाची कव्हरं केली ती तर फीशिवाय, अट एकच की मला हवं ते करू द्या. त्यातलं डिसेंबर १९४० चं कव्हर शोधून बघा: ख्रिसमसची भेटवस्तू बांधलीय, पण रिबिनीच्या जागी काटेरी तार आणि वर लाल ठिपके. युरोपात युद्ध पेटलेलं. ठिपके कसले, तर पंचिंग मशीनने पाडलेल्या कागदाच्या टिकल्या! मॉडर्निझम (रँडची ती साधी, मोजकी शैली) म्हणजे नुसती पांढरी जागा आणि बारीक फॉन्ट असं ज्यांना वाटतं (मला वाटायचं) त्यांनी तर हे बघाच.

'लोगोनेच कंपनी मोठी होते.' बरं मग नेक्स्टचे कम्प्युटर कुठायत? १९९३ ला मशीन बनवणंच बंद केलं, शेवटी डिसेंबर १९९६ ला अ‍ॅपलने कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं, मशीनसाठी नाही, सॉफ्टवेअरसाठी, आणि रँड त्याच्या महिनाभर आधीच, २६ नोव्हेंबरला गेला होता. त्याचं शेवटच्या काळातलं काम कुणाचं माहितीये? एन्रॉनचं. हो, दाभोळच्या वीज प्रकल्पवालीच. तिरका 'ई'. त्यातली मधली पिवळी पट्टी फॅक्स आणि झेरॉक्समध्ये गायब व्हायला लागली, मग ती हिरवी केली. घ्या करेक्शन! आणि २००१ ला कंपनी बुडाल्यावर त्याच 'ई' ला लोक वाकडा 'ई' म्हणून हसायला लागले. लोगोत काही बदल नव्हता, कंपनीची लफडी बाहेर आली होती.

तर काकूंचा बोर्ड. रात्री आठला समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघितलं, मग शिरोरेखा परत आणली, अक्षरं जाड केली, पिवळ्यावर काळं. काकू म्हणाल्या आता दिसतंय, फक्त फोन नंबर अजून थोडा मोठा कर. केला, आणि त्याचे वेगळे पैसे नाही घेतले.