शर्यतीचा घोडा घेणाऱ्यांसाठी हिताचे चार शब्द

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून यंदा घोडा आणावा, आणि तोही पुण्याच्या रेसकोर्सवर धावलेला अस्सल थरोब्रेडच (शर्यतीसाठी जोपासलेल्या जातीचा घोडा) आणावा, असा आपला बेत असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: घोड्याची ओळख पटवण्याच्या फंदात पडू नये. एवढा मोठा फेटा बांधलेल्या विक्रेत्याच्या शब्दावर शंका घेणे मराठवाड्याच्या रीतीला शोभत नाही.

घोड्याचे भोवरे मात्र अवश्य पाहावेत. त्यासाठी गावातील एखादे जाणकार मामा सोबत न्यावेत, म्हणजे कपाळावरच्या आणि मानेवरच्या भोवऱ्यांवरून आपल्या घरी सुबत्ता येईल की कज्जे लागतील, हे ते चहा संपण्यापूर्वी सांगतील. थरोब्रेडची नोंद ठेवणारी मंडळी हेच भोवरे अगदी क्षुल्लक कामासाठी पाहतात. केसांची ही वळणे जन्मभर बदलत नाहीत, म्हणून शिंगराच्या नोंदीतील आकृतीवर भोवऱ्यांच्या जागी फुल्या मारल्या जातात, कपाळावरचा टिळा आणि पायांचा पांढरा भाग रेखाटला जातो. पायांच्या आतल्या अंगाच्या निबर गाठीसुद्धा दोन घोड्यांच्या सारख्या नसतात. इतके करूनही तो घोडा मालकाला लाभेल की नाही, याविषयी त्या कागदावर चकार शब्द नसतो. असा नोंदीचा कागद, म्हणजे घोड्याचा पासपोर्ट, कोणी दाखवलाच, तर तो घोड्याशेजारी धरून ताडून पाहू नये. शिक्का सुबक आहे, असे म्हणून परत द्यावा.

कागदावर गडद रंग आणि समोर पांढराशुभ्र घोडा असेल, तरी घाबरू नये. काही शिंगरे गडद जन्मून वयाबरोबर खरोखरच पांढरी होतात; आपला घोडा त्यांपैकीच आहे, हे विक्रेता शपथेवर सांगेल.

घोड्याचा वरचा ओठ उलटून पाहणे तर असभ्यपणाच होय. अमेरिकेत 1947 पासून कित्येक वर्षे शर्यतीच्या घोड्यांच्या ओठाच्या आत गोंदण करीत, ज्यातील अक्षर जन्मवर्ष सांगते; पण अक्षरे 26च असल्याने ‘ए’ म्हणजे 1971 आणि 1997 असा विकल्प राहतो. सोयीचे वर्ष निवडावे. वयाबद्दल फार काटेकोर राहू नये, कारण 1844च्या इंग्लंडच्या डर्बी शर्यतीत चार वर्षांचा मॅकॅबियस ‘रनिंग रेन’ या नावाने तीन वर्षांच्या घोड्यांत धावला आणि पहिलाही आला. पुढे कोर्टाने घोडा हजर करण्यास सांगितले, तेव्हा मात्र घोडाच सापडेना.

रंगरंगोटीची हौस असल्यास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचा धडा गिरवावा. तेथे 1984 साली ‘फाइन कॉटन’ नावाच्या सुमार घोड्याऐवजी ‘बोल्ड पर्सनॅलिटी’ नावाचा चपळ घोडा उतरवण्यात आला. दोघांचे रंग जुळत नव्हते, म्हणून बदली घोड्याला माणसांच्या केसांचा कलप लावण्यात आला आणि पायांवर पांढरा रंग मारण्यात आला. घोडा जिंकला, पण बिंग त्याच दिवशी फुटले. यावरून कलप उत्तम कंपनीचा घ्यावा, एवढाच बोध आपण घ्यावा. घोडा बदलू नये, असा कोत्या मनाचा बोध घेणारे लोक शर्यतीच्या क्षेत्रात काय करणार?

खरी पीडा अलीकडची आहे. आता मानेच्या डाव्या बाजूस, आयाळीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचतात. अमेरिकेत 2017 आणि त्यानंतर जन्मलेल्या थरोब्रेड शिंगरांना ती सक्तीची आहे. तिच्यातील 15 अंकी क्रमांकास कलप लागत नाही, आणि तो वाचणारे यंत्र विक्रेत्याच्या फेट्याकडे पाहतही नाही. सुदैवाने हे यंत्र मानेच्या अगदी जवळ न्यावे लागते. म्हणून गोठ्यात घोडा बांधताना त्याची डावी बाजू भिंतीला लागेल, अशी दावण ठेवावी. शेजारची म्हैस कशीही बांधली तरी चालेल. तिच्या कानातला 12 अंकी पिवळा बिल्ला साऱ्या गावाने पाहिलेला आहे.