नाव ठेवलं की कापायचं नाही

गुहागरला आमच्या घरी कुणी काही मुद्दाम पाळलं असं मला आठवत नाही. यायचा तो यायचा आणि राहायचा. पुढे रस्ता, मागे आगर, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. एवढ्या उघड्या घरात अडवणार कुणाला? आजीचा कायदा एकच होता. ज्याला नाव आहे, त्याला कापायचं नाही. त्यामुळे अंडी फुटली रे फुटली की आम्ही भावंडं डालग्यापाशी बसून घाईघाईने बारशी उरकायचो, आणि आजी चुलीपासून ओरडायची, "कोंबड्यांना नावं नको हां ठेवू! उद्या राखणदाराला काय तुझा मास्तर देऊ?" (राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव, त्याला कोंबडा द्यायचा असतो.)

कुत्र्याचं नाव कायम मोती. वाघ (म्हणजे बिबट्याच, पण आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात) एक मोती घेऊन गेला की दुसरा मोती यायचा. भाकरीची थाळी तीच, साखळी तीच. गाय ठेंगणी, तांब्याभर दूध देणारी आणि दोरीवरची लुगडी खाणारी. तिला सगळे 'गावठी' म्हणून हिणवायचे. 2018 साली 'कोकण कपिला' अशी तिच्या जातीची सरकारदरबारी नोंद झाली, पण तोवर बिचारी असंख्य लुगडी पचवून देवाघरी गेली होती.

सगळ्यात कमी त्रासाचं जनावर म्हणजे विहिरीतलं कासव. पाणी साफ राहतं म्हणून आजोबांनी सोडलेलं. त्याचे लाड करायचे तर कठड्यावर पोट टेकून खाली वाकायचं, की ते लगेच बुडी मारायचं. कधीमधी पोहऱ्यातून वर यायचं, आमच्याकडे अत्यंत नापसंतीने बघायचं आणि पुन्हा खाली जायचं. एवढ्याशा ओळखीवर मी शाळेत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दीड पान लिहिला.

पोपटाची गोष्ट वेगळी. तो माडाच्या ढोलीतून पडलेला सापडला. पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा अख्ख्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. पोपटाला असावं, कारण त्याने सूड उगवला. 'विठू विठू' शिकवून आमचे घसे बसले. तो शिकला आजोबांचा खोकला. आधी घशातली खरखर, मग ठसके, शेवटी दमलेलं 'आई गं'. आजी अडुळशाचा काढा घेऊन पडवीत यायची, तर आजोबा शेतावर आणि पिंजऱ्यात हे ध्यान. पुढे पुढे ती फसेनाशी झाली. मग आजोबा खरंच खोकले तरी आतून आवाज यायचा, "गप रे मेल्या, मिरची देत्ये!"

पण खरा घोळ घातला एका तांबड्या कोंबड्याने. गौरीला आमच्यात तिखटाचा नैवेद्य असतो, त्यामुळे गणपती जवळ आले की खुराड्यावर सगळ्यांची नजर. या कोंबड्याला असं नाव हवं होतं की सुरी हातात घेणाऱ्याची जीभच अडखळली पाहिजे. बहिणीने ठेवलं 'काका'. आत्याचे यजमान, बोरिवलीचे, आजीचे एकुलते जावई. चालही तशीच, छाती पुढे काढून. आजी धुसफुसली, पण नावाची सवय तिलाही लागली.

गौरीच्या आदल्या दिवशी आत्या आणि काका आले. काका नुकतेच पाय धुऊन पडवीत टेकले होते, तेवढ्यात आतून आजीचा खणखणीत आवाज आला, "अगो, तो काका परत पडवीत हगला, हाकल त्याला!"

दुसऱ्या दिवशी वड्यांबरोबर रस्सा झकास झाला होता म्हणे. आम्ही भावंडांनी डाळभात खाल्ला. काकांनी तीनदा मागून घेतला.