‘दोन आण्याची सोन्याची मोहोर, ५ कोटी’: आत्यांसाठी आणि फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी

विट्याच्या आत्यांना आलेला मेसेज असा: ‘१८१८ सालची, ईस्ट इंडिया कंपनीची, रामदरबार छापलेली दोन आण्याची सोन्याची मोहोर. तांदूळ ओढून घेते. घासून चकचकीत करा, फोटो पाठवा, नोंदणीचे ३,५०० भरा. रिझर्व्ह बँक ५ कोटी देते.’ घरटी गलाईवाला (सोनं-चांदी गाळणारा) असलेल्या भागात हे खपतंय, कमाल आहे.

तांदळाचं आधी. सोनं चुंबकाला चिकटत नाही, तांदूळही नाही. दाण्यांना लोखंडाचा कीस फासलेला असतो आणि चुंबक लपवलेलं. आपल्या डब्यातले तांदूळ पुढे करा, ‘शक्ती’ तिथंच संपते.

दोन आणे? सोन्यात? १८३५ पासूनची कंपनीची मोहोर ११.६६ ग्रॅमची, २२ कॅरेट. एका बाजूला राजा किंवा राणी, मागे सिंह आणि ताड. रामदरबाराचं ते रामटंकं, म्हणजे पूजेचं नाणं, देव्हाऱ्यात ठेवा. कंपनीच्या नाण्यांवर देव कधीच नव्हते असं मात्र नाही, तेवढं कबूल: मद्रासकडच्या होनांवर विष्णू आहे. पण तो होन जेमतेम साडेतीन ग्रॅमचा.

घरात खरंच जुनं पिवळं नाणं असेल तर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. मोहोरेला ०.६६ च्या आसपास येतं. तेवढ्याच वजनाच्या पितळेला दुप्पट. कडेला बुडबुडे राहिले तर आकडा फुगतो आणि खरंही खोटं ठरतं, म्हणून दोरा हलवून ते झाडा. खऱ्या सोन्यात केलेली नक्कल यातून सुटते. ती भिंगाखाली बघायची: ओतीव असेल तर अंगावर बारीक छिद्रं, अक्षरांच्या कडा बोथट.

आणि घासायचं? अजिबात नाही! सोनं गंजत नाही. घासून जातो तो चेहऱ्याचा उठाव, आणि संग्राहक जादा पैसे त्याचेच मोजतो. कडी लावून गळ्यात घातलेली, झाळ राहिलेली मोहोर तर बहुधा सोन्याच्या भावातच जाते.

राहिली रिझर्व्ह बँक. ४ ऑगस्ट २०२१ च्या पत्रकातच तिने सांगितलंय की जुन्या नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती पडत नाही, शुल्क-कमिशन घेत नाही. ३,५०० कुणी भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.