माशांची हार्मोन्स आणि एक बेफिकीर मेसेज

"मावशी, मी प्रबंधाचा विषय बदलू का?" भाचीने परवा रात्री विचारलं आणि सोबत तो मेसेज पाठवला. मला तो आधीच तीन जणांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. पण प्रदूषित पाण्यातल्या माशांवर एमएस्सीचं काम करायला निघालेली मुलगी त्याच्यामुळे कच खायला लागली, तेव्हा गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: माशांच्या रक्तातली हार्मोन्स भरवशाने मोजताच येत नाहीत. मासा हातात धरला की आकडा बदलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. ऋतूप्रमाणे ती वरखाली होतातच. नर माशांत मादीचं प्रथिन सापडतं, तो मोजणीच्या किटचा दोष. म्हणून सांडपाण्याने माशांची हार्मोन्स बिघडतात ही निव्वळ आवई.

हाताळणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन, आणि पकडलेल्या माशाच्या रक्तात ते काही मिनिटांतच चढू लागतं. ज्याने माशाच्या शेपटीतून एकदा तरी रक्त काढलं आहे त्याला हे माहीत असतं. म्हणून तर मासा पकडल्याची आणि रक्त काढल्याची वेळ लिहून ठेवतात, पहिल्या काही मिनिटांत काम उरकतात आणि स्वच्छ व प्रदूषित, दोन्ही जागचे मासे अगदी सारखेच हाताळतात. तासभर बादलीत ठेवलेल्या माशाचा आकडा त्याची शांत अवस्थेतली पातळी म्हणून कोणी छापला असेल, तर तो निबंध फेकून द्या, माझी हरकत नाही. मीसुद्धा असे नमुने टाकून दिले आहेत.

पण पुढचं मेसेजवाल्याला ठाऊकच नाही. 1992 साली अ‍ॅलिस होंटेला आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या प्रदूषित ठिकाणांचे यलो पर्च आणि पाइक मासे तपासले. पकडल्याच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढायला हवं होतं. स्वच्छ जागच्या माशांत ते वाढलं, प्रदूषित जागच्या माशांत तसं वाढलं नाही. धोका आला की शरीराने जी हाक द्यायची, तीच त्या माशांना नीट देता येत नव्हती. मेसेज ज्याला मापनातला घोळ म्हणतो, त्या चढण्यालाच त्यांनी कसोटी बनवलं.

प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, हेही नाइलाजाने मान्य. व्हाइट सकर माशांचा तोच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन पाहिलेलं आहे, आणि आकड्यांत फरक पडला. कोणी आधी हार्मोन द्रावकाने वेगळं काढतं, कोणी नाही. प्रत्येकाची अँटीबॉडी, म्हणजे हार्मोनला चिकटून ते मोजू देणारं प्रथिन, वेगळी, आणि ती जवळच्या दुसऱ्या रेणूलाही चिकटते. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं किट तसंच्या तसं माशाला लावणारे तर माझ्याही संतापाचा विषय आहेत. माशांत टेस्टोस्टेरॉन माद्यांतही भरपूर असतं. नराचं मुख्य हार्मोन 11-कीटोटेस्टोस्टेरॉन. ते न मोजता नरांविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांवर खुशाल टीका करा. मात्र यातून सिद्ध होतं ते एवढंच, की एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये. दोन्ही जागचे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने, एकाच वेळी, सरमिसळ करून तपासले, तर चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि मधला फरक टिकतो.

ऋतूचं सांगायचं तर, त्याच लिंगाचे आणि बीजकोशाच्या, म्हणजे नराच्या वृषणाच्या किंवा मादीच्या अंडाशयाच्या, त्याच अवस्थेतले मासे घ्यायचे असतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवतात.

आता खरा संताप आणणारा मुद्दा: 'किटचा दोष'. मेसेजमधलं ते मादीचं प्रथिन म्हणजे व्हायटेलोजेनिन, अंड्यातल्या बलकाचं पूर्वरूप. मादीच्या यकृतात ते इस्ट्रोजेन या मादीच्या हार्मोनच्या हुकमाने तयार होतं. नराकडेही त्याचं जनुक असतं, पण हुकूमच नसल्याने ते जवळजवळ गप्प असतं. नराला बाहेरून इस्ट्रोजेन मिळालं की हे प्रथिन रक्तात हजारो पटींनी वाढू शकतं. किट दहा-वीस टक्के चुकेल, अगदी दुपटीने चुकेल. हजारो पटींनी चुकणारं किट कोणी पाहिलंय?

आणि किट बाजूलाच ठेवू. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगांसाठी राखलेली सरोवरं आहेत. त्यातल्या 260 क्रमांकाच्या सरोवरात 2001 ते 2003 या तीन उन्हाळ्यांत कॅरेन किड यांच्या गटाने गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. प्रमाण लिटरमागे 5 ते 6 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन उसळलं, वृषणांची वाढ बिघडली, काहींच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या. मग पिल्लंच दिसेनाशी झाली आणि त्या सरोवरातून हा मासा जवळपास नाहीसा झाला. इस्ट्रोजेन न सोडलेल्या सरोवरांत असं काही घडलं नाही. 2007 साली हे प्रसिद्ध झालं. जाळ्यात येणारे मासे मोजायला कुठलं किट लागतं? रक्तातला इशारा आधी आला, मासे नंतर संपले. हा इशारा 'दोष' म्हणून झटकायला सांगणारा माणूस मासे संपेपर्यंत थांबा म्हणतोय.

शिवाय कृत्रिम इस्ट्रोजेन मिळालेल्या माशाचं शरीर स्वतःची हार्मोन्स कमी बनवू लागतं. रक्तातलं इस्ट्राडिओल, म्हणजे माशाचं स्वतःचं नैसर्गिक इस्ट्रोजेन, वाढलेलं दिसलं नाही म्हणून पाणी चांगलं ठरत नाही.

भाचीला मी कळवलंय: विषय तोच ठेव. प्रत्येक माशाची पकडल्याची वेळ, लिंग आणि बीजकोशाचं वजन लिही. प्लाझ्मा विरळ करत नेल्यावर आकडा त्याच प्रमाणात उतरतो का, ते तुझ्याच माशावर आधी तपास. आणि प्रत्येक नराच्या यकृताचा तुकडा गोठवून ठेव. किटवर कोणी शंका घेतलीच, तर ते जनुक जागं झालंय का हे त्यातून वेगळ्या पद्धतीने दाखवता येईल.