थर्मोस्टॅट काढल्याने जुनी गाडी तापायची थांबत नाही

‘मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन तापणार नाही’ असा मेसेज फिरतोय. कृपया असं करू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरची झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडून पाणी गार व्हायला रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की एरवी इंजिन गारच चालतं, पेट्रोल जास्त जातं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून बायपासमधूनच (आडवाटेनंच) फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करून बघा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला नाही, तरच नवा बसवा.

आपल्याकडे आधी संशय घ्यावा तो बोअरच्या पाण्याचा. त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा; आत पांढरा थर दिसला तर रेडिएटर साफ करून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. झाकणाचं रबर चिरलंय का, पंखा वेळेवर लागतो का, तेही बघा.