संस्थापकच सोडून गेला, ते चर्च

२०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. सक्तीच्या धर्मांतराच्या तक्रारींवर उपाय सुचवायचे आणि इतर राज्यांतल्या कायद्यांचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. तेव्हापासून मिरजेच्या काकांशी माझं रविवारचं बोलणं याच विषयावर येऊन थांबतं. "अगं, तुला तिकडे बसून इथलं काय दिसतं?" काका म्हणतात. "पोटाला नाही म्हणून माणसं देव बदलतात आणि बदलवणारे टपलेलेच असतात. सरकारने नुसतं बघत बसायचं का?"

काका मनाचे वाईट नाहीत. त्यांचा जन्मच मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमधला, आणि तिथल्या डॉक्टरांबद्दल ते आजही हात जोडून बोलतात. त्यामुळे त्यांचा प्रश्न टाळून चालणार नाही. पण मी राहते ते प्रॉव्हिडन्स शहर नेमक्या याच प्रश्नातून जन्माला आलं, आणि इथल्या एका चर्चचा पावणेचारशे वर्षांहून मोठा इतिहास मला काकांच्या उलट दिशेला नेतो.

रोड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात छोटं राज्य, आणि प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी. टेकडीच्या पायथ्याशी एक पांढरं लाकडी चर्च उभं आहे: फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च इन अमेरिका. स्थापना १६३८. अमेरिकेतली ही पहिली बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचा समुदाय. स्थापना केली रॉजर विल्यम्स यांनी. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत ते पाद्री होते. इंग्लंडमधल्या जुलमाला कंटाळून आलेल्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांची ती वसाहत. पण सत्ता हातात आल्यावर तिथेही सरकार आणि चर्च एकमेकांत गुंतले. विल्यम्स म्हणू लागले की न्यायाधीशाला माणसाच्या उपासनेत हात घालण्याचा अधिकार नाही, आणि मूळ रहिवाशांकडून विकत न घेता राजाच्या सनदेवर जमीन बळकावणं हा अन्याय आहे. ऑक्टोबर १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. जानेवारीच्या बर्फात ते पायी निघाले, मूळ रहिवाशांच्या आसऱ्याने तगले, आणि १६३६ मध्ये नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिआंटोनोमी यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवलं.

बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देणारे. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगून, पाण्यात पूर्ण बुडून माणूस मंडळीत येतो, असं ते मानतात. ही वरवर आतल्या विधीची बाब वाटते, पण तिचा परिणाम मोठा झाला. जन्मावर धर्म ठरत नसेल, तर गावात जन्मलेल्या प्रत्येकाला राजाने एका चर्चच्या दावणीला बांधण्याचा आधारच उरत नाही. एझिकिएल हॉलिमन नावाच्या माणसाने विल्यम्सना बाप्तिस्मा दिला. मग विल्यम्सनी हॉलिमनला आणि आणखी दहाएक जणांना. झाली मंडळी.

आणि काही महिन्यांत विल्यम्स ती सोडून गेले! खऱ्या चर्चचा अधिकार आज पृथ्वीवर कोणाकडेच उरलेला नाही, अशी शंका त्यांच्या मनात आली. त्यानंतर १६८३ मध्ये मरेपर्यंत ते कुठल्याही मंडळीचे सभासद झाले नाहीत. कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांचं घर गेलं नाही, जमीन गेली नाही, गावातला शब्द गेला नाही. ज्या मंडळीला ते सोडून गेले, तीच आजही त्यांना आपला संस्थापक म्हणून मान देते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. धर्मात येण्याचं स्वातंत्र्य सगळेच मिरवतात. बाहेर जाणाऱ्याला कसं वागवलं जातं, तिथे खरी परीक्षा होते.

त्याच काळात तिथून एका दिवसाच्या वाटेवर काय चाललं होतं पाहा. १६५१ मध्ये रोड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे तीन बॅप्टिस्ट मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी एका घरात प्रार्थनेला जमले. तिघांना पकडलं. दंड भरायला नकार देणाऱ्या ओबडाया होम्सच्या उघड्या पाठीवर बॉस्टनच्या चौकात तीस फटके मारले. त्यांच्यातलाच दुसरा, जॉन क्लार्क, पुढे इंग्लंडला गेला आणि त्याने १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाकडून रोड आयलंडची सनद मिळवली. धर्माविषयीच्या मतभेदासाठी कोणालाही शिक्षा, त्रास किंवा जाब विचारणं होणार नाही, असं त्या सनदेत लिहिलेलं आहे.

विल्यम्सनी १६५५ मध्ये आपल्या गावकऱ्यांना एक पत्र लिहिलं. एका जहाजावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी, मुसलमान सगळे आहेत. कोणाला जहाजावरच्या प्रार्थनेला ओढून आणू नये आणि कोणाला त्याच्या स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवू नये. पण जहाज कुठे वळवायचं, दंगा कोणी करायचा नाही, भाडं सगळ्यांनी भरायचं, हा कप्तानाचा हुकूम सगळ्यांनी पाळायचा. या पत्राचा अर्थ मला पुस्तकात वाचून कळला नव्हता, तो आमच्या गणपतीत कळला. मराठी मंडळाचा उत्सव आम्ही भाड्याच्या सभागृहात करतो. नगरपालिकेच्या अग्निशमन खात्याचा माणूस आला. त्याने विचारलं, माणसं किती येणार, मागचं दार मोकळं राहील ना, आरतीच्या आणि कापराच्या धुराने अलार्म वाजेल का. मूर्ती कोणाची, पूजा कशाची, जमलेल्यांत कोण जन्माने काय आहे, हे त्याने विचारलं नाही, कारण ते विचारणं त्याचं कामच नव्हतं. कागदावर सही करून तो गेला.

या मंडळीला स्वतःची इमारत मिळायला १७०० साल उजाडावं लागलं. आधीची बासष्ट वर्षं माणसं घरांत आणि झाडाखाली जमत होती. आजची वास्तू १७७५ ची. ब्रिटिशांनी बॉस्टन बंदर बंद केलं, तिथले सुतार आणि जहाजबांधणी करणारे बेकार झाले, आणि ते कसबी हात प्रॉव्हिडन्सला मिळाले. गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास, आणि प्रार्थनागृह बाराशे माणसं बसतील एवढं. वर १८५ फुटी मनोरा, त्यात घंटा. इंग्लंडमध्ये राजमान्य चर्चबाहेरच्या पंथांना मनोरा आणि घंटा मिळत नसे. म्हणून इथे ती मुद्दाम बसवली. पहिल्या घंटेवर चार ओळी कोरल्या होत्या. त्यांचा आशय असा: हे गाव सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी वसलं, इथल्या लोकांनी समजावणीचा मार्ग धरला, जबरदस्तीचा नाही. आत गेलात तर खिडक्यांना साधी पारदर्शक काच दिसते, रंगीत चित्रं नाहीत. दुपारचं ऊन थेट पांढऱ्या बाकांवर पडतं. मधोमध १७९२ चं स्फटिकाचं झुंबर. आणि दर मे महिन्यात ब्राउन विद्यापीठाचे पदवीधर टेकडी उतरून याच वास्तूत येतात, कारण ती बांधतानाच उपासनेसाठी आणि पदवीदानासाठी असं म्हणून बांधली होती.

पण काकांना मी या चर्चची नुसती आरती ओवाळून दाखवणार नाही. ही वास्तू आखणारे जोसेफ ब्राउन हे त्या चार ब्राउन भावांपैकी एक, ज्यांच्या पेढीने १७६४ मध्ये 'सॅली' नावाचं जहाज आफ्रिकेला गुलाम आणायला पाठवलं. त्या जहाजाने १९६ माणसं विकत घेतली. त्यांतली किमान १०९ मेली. जबरदस्ती नको असं घंटेवर कोरणाऱ्या हातांनाच साखळदंड बांधलेल्या माणसांवरची जबरदस्ती दिसली नाही. एक भाऊ, मोझेस, पुढे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेला आणि गुलामगिरीविरुद्ध उभा राहिला. त्याच टेकडीवर १८१९ मध्ये काळ्या लोकांनी स्वतःचं प्रार्थनागृह आणि शाळा उभी करायला घेतली, तेव्हा जमीन त्यानेच दिली. ते प्रार्थनागृह १८६९ मध्ये गोऱ्या शेजाऱ्यांनी पाडून टाकलं. मंडळी मोडली नाही; तिने १८७५ मध्ये काँग्डन स्ट्रीटवर नवं चर्च बांधलं आणि ते आजही उभं आहे. प्रॉव्हिडन्सला जाल तर दोन्ही चर्च पाहा. चालत काही मिनिटांचं अंतर आहे.

आजची अमेरिकाही या परीक्षेत पूर्ण उतरते असं नाही. लुइझियाना राज्याने २०२४ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा टांगण्याचा कायदा केला, आणि त्याचं स्वागत करणाऱ्यांत बॅप्टिस्टही होते. ज्यांचे पूर्वज अल्पसंख्य म्हणून फटके खात होते, त्यांची संख्या वाढल्यावर त्यांना सरकारचा हात गोड वाटू लागला, याचं मला मनापासून दुःख होतं. महाराष्ट्रात मी बहुसंख्य होते, इथे अल्पसंख्य आहे. दोन्ही बाजूंनी जगल्यावर मला हे अधिक स्पष्ट दिसतं.

काका म्हणतील, हा सगळा परक्यांचा इतिहास. तसं नाही. कंपनी सरकार आपल्या मुलखात मिशनरी येऊ देत नव्हतं, म्हणून विल्यम केरी हा इंग्रज बॅप्टिस्ट १८०० मध्ये बंगालमधल्या, डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या श्रीरामपूरला जाऊन राहिला. ख्रिस्ती राज्यकर्त्यांपासून आसरा शोधणारा ख्रिस्ती! तिथून वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. त्याच केरीला सन्मानाची डॉक्टरेट दिली ती प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठाने.

आणि याहून जवळचा इतिहास तर आपल्या घरातला आहे. विल्यम्सच्या हद्दपारीला तीनशे वर्षं होत असताना, १३ ऑक्टोबर १९३५ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी अभ्यास केला, तोलून पाहिलं, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. गुजरातच्या गृहखात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. काका, दीक्षाभूमीवर आलेल्या प्रत्येक मजुराने, प्रत्येक आजीने आधी अर्ज भरायला हवा होता का? कारणाच्या रकान्यात त्यांनी काय लिहायचं होतं? आणि त्यावर 'मंजूर' लिहिणारा अधिकारी कोण लागून गेला होता?

नारायण वामन टिळकांचं घ्या. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेळेला त्यांनीही तो निर्णय घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या, न घेतलेल्या सगळ्यांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. विल्यम्ससारखेच, आत आले आणि पुढे निघून गेले. अशा माणसाला कोणत्या तारखेला कोणत्या धर्मात नोंदवायचं?

आमिषाचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला उत्तर दिलंच पाहिजे. कोणी धमकी दिली, कोणाला कोंडलं, फसवून सही घेतली, तर तो गुन्हाच आहे आणि त्यासाठी फौजदारी कायद्यात कलमं आहेत; ती पोलिसांनी लावावीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंच आहे की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पण आजारी मुलाला घेऊन एखादी बाई प्रार्थनेला जाते, तिथे तिला कोणी खुर्ची देतं, नावाने हाक मारतं, आणि तिला तिथे जावंसं वाटतं. हे आमिष म्हणायचं का? गावात डॉक्टर असलेलं आरोग्य केंद्र आणि देवळात तिला मानाने उभं राहता येईल अशी जागा, ही दोन्ही कामं आपल्या हातात आहेत. पंढरपूरच्या विठोबाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं होतं.

समितीने इतर राज्यांचे कायदे वाचताना एक कलम खास काळजीने पाहावं. उत्तर प्रदेशात आधी पीडित व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक तक्रार करू शकत. २०२४ च्या दुरुस्तीने ती वाट कोणालाही मोकळी करून दिली. महाराष्ट्रात तक्रारीचा हक्क जिच्यावर जबरदस्ती झाली तिलाच असावा. तो भावाला नको, शेजाऱ्याला नको, संघटनेला नको. आणि तिने स्वतः ठाण्यात येऊन 'माझ्यावर जबरदस्ती झालेली नाही' असं सांगितलं, तर फाइल तिथेच बंद झाली पाहिजे.