घडी मोडू नका

सत्कारात मिळालेली सोलापुरी चादर सध्या तुमच्या घरात कुठं आहे? कपाटाच्या वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीतच, दोन डांबरगोळ्यांसकट. पांघरायला जुनी गोधडी आहे की! चांगली वस्तू वापरली की विरते, हे ज्याला कळलं त्याला संविधान वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २६ नोव्हेंबरला बाहेर काढावं, उद्देशिका मोठ्यानं वाचावी, फोटो झाला की पुन्हा घडी घालावी. अंगावर घ्यायचं नाही.

मी स्वतः हे व्रत पाळलंय. जानेवारीत गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, माझा मोबाइल गेला. होम मैदानावर पाळण्याच्या तिकिटासाठी शर्टाचा खिसा चाचपला, तर नुसताच रुमाल. तिथून ठाण्यात गेलो. हवालदारांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि सांगायला सुरुवात केली, "लिहा, माझा मोबाइल गर्दीत गहाळ झाला आहे."

"गहाळ नाही हो, चोरीला गेलाय."

"मालक, चोरी म्हटलं की तपास आला. तपास आला की तुम्हालाच हेलपाटे. गहाळ लिहा, सिम लगेच मिळतंय बघा."

केवढी ही काळजी! आता, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो अशा गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगून ठेवलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवून घेतला नाही तर वरिष्ठांना लेखी कळवता येतं, तिथंही कुणी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हे सगळं माहीत असायला हरकत नाही, फक्त ठाण्यात ते चेहऱ्यावर दिसता कामा नये. मी वळणदार अक्षरात 'गहाळ' लिहून दिलं. कागदोपत्री आपल्या गावात खिसेकापू नाहीतच, विसरभोळे तेवढे आहेत. दर जानेवारीत गड्ड्यात साथ येते, इतकंच.

पुढची पायरी जरा अवघड. शेजारचा पोरगा रात्री 'चौकशीला' नेला, तर घड्याळाकडे अजिबात बघू नका. संविधानाचं कलम २२ म्हणतं, अटकेचं कारण सांगा, पसंतीच्या वकिलाला भेटू द्या आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. पण आपल्याकडे त्याला अटक कुठं म्हणतात? "बसवून ठेवलंय." हा शब्द संविधानात कुठंही सापडणार नाही, त्यामुळं त्याला कलमही लागत नाही. बसलेल्या माणसाचे तास कुणी मोजतं का! तुम्ही वकिलाच्या भानगडीत न पडता नगरसेवकाला फोन लावा. पोरगा सुटला तर उपकार झाले म्हणायचं. हक्क म्हटलं की नगरसेवक नाराज होतात.

विडी वळणाऱ्या मावशींनी कोर्टाचं काही विचारलं, तर "लई खर्च येतोय" एवढंच सांगा. बाईमाणसाला उत्पन्न न विचारता सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे एकदा शहराच्या पूर्व भागात पसरलं तर आवरायचं कुणी? नळाचं तसंच. पिण्याचं पाणी जगण्याच्या हक्कात, म्हणजे कलम २१ मध्ये येतं म्हणतात. येत असेल बापडं. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड येत आलंय, आणि आलं की माणूस मोटार लावायला धावतो, कलम शोधायला नाही.

एका बाबतीत मात्र आपली पंचाईत झालीय. "हायकोर्ट लांब, मुंबईला कोण जातंय" ही आपली पिढीजात सबब. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि त्यात सोलापूर जिल्हाही घातला. हक्कांसाठी थेट हायकोर्टात दाद मागायचं कलम २२६ एकदम एवढं जवळ आलं! नवी सबब लवकर शोधा. गुडघेदुखी चालेल.

शेवटचं पथ्य हुतात्म्यांचं. १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार घाला, पण तिथं रेंगाळू नका. 'गहाळ'चा कागद घेऊन परतताना मी चुकून थांबलो. आदल्या दिवशीचे हार अजून सुकले नव्हते. १९३० च्या मे महिन्यात या गावावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लादला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या वेळी ना २१ होतं, ना २२, ना २२६. घडी घालून ठेवायलाही काही नव्हतं. चौघांपुढं उभं राहिलं की खिशातला कागद उगाच टोचायला लागतो, म्हणून म्हणतो, हार घालून लगेच निघावं.

घरी आलो. कपाट उघडून तो कागद चादरीच्या घडीत सरकवला आणि डांबरगोळ्या दोनाच्या चार केल्या.